निशाणी पिंपळपानाची

"पगारातला एक पैसा भट्टीत जाणार न्हाई! भट्टीच भट्टीचं पोट भरंल, बघत राहा!"

साहेबरावांनी छातीवर हात ठेवून बायकोला हे सांगितलं, तो दिवस आठवला की त्यांना अजून घाम फुटतो. तेव्हा मात्र नव्हता फुटला. तेव्हा गडी भलताच खुशीत होता!

साहेबराव हे सरकारी कारकून. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झालेली. कचेऱ्या भाड्याच्या जागेत, खुर्च्या उस्मानाबादहून आलेल्या, आणि फायली अजून येतच होत्या. त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दडी मारली, आणि नव्या जिल्ह्यात सगळ्यांच्या आधी भरभराट झाली ती टंचाईच्या ऑफिसची! साहेबराव तिथंच होते. कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा, हे रजिस्टर त्यांच्या हातात. खानदानात खुर्चीवर बसणारा पहिला माणूस. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या आईनं, धुरपताबाईनं, खडी फोडून त्यांना शिकवलं होतं, त्यामुळं त्या खुर्चीचं मोल काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पण कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा. साहेबरावांना नाद होता तापलेल्या लोखंडाचा! घराशेजारी श्रीमंत लोहाराची भट्टी. आधी नुसते बघत बसायचे, मग भाता ओढू लागले, मग घण मारू लागले, आणि दोन वर्षांत एक खुरपं स्वतः घडवून मोकळे झाले. दिवसभर पांढरा बुशकोट, संध्याकाळी अंगभर काजळी. भट्टीवरून घरी आले की त्यांची बायको सरजाबाई आधी आवाज ओळखायची, मगच दार उघडायची.

दुष्काळात नांगराच्या फाळाला नवं टोक कोण काढून घेतो? श्रीमंत लोहार कामाच्या शोधात निजामाबादेकडं निघाला. जाताना भट्टी साहेबरावांच्या हवाली केली.

"ऐरण थंड पडू देऊ नका. भात्याचं कातडं वाळलं की तडकतं. आन एक गोष्ट ध्यानात ठेवा, निशाणी मारल्याबिगर माल भट्टीच्या बाहेर जाऊ द्यायचा न्हाई!"

"कामून हो?"

"माल मोडला तर गिऱ्हाइकानं शिव्या कुणाच्या दारात द्यायच्या?" श्रीमंत म्हणाला. "निशाणी म्हंजी आपलं इमान. माझे तीन ठिपके हायत. तुमचं तुमी काढा काहीतरी."

साहेबरावांनी दोन रविवार खपून पोलादाचा ठसा कोरला. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीत मागं पिंपळ होता, त्याचं पान! वर देठ, खाली निमुळतं टोक, मधोमध शीर. पहिलाच ठसा एका पट्टीवर उठवून त्यांनी तो सरजाबाईला दाखवला.

"कसं काय?"

सरजाबाईनं पट्टी उजेडात धरली. मग पदर तोंडाला लावला. "चांगलंच हाय की."

"वळखलं का?"

"न वळखायला काय झालं!" असं म्हणून ती घाईनं चुलीकडं गेली. साहेबरावांना वाटलं, बायकोला गहिवरून आलं.

मग सुरू झाली भट्टी! आणि लागलीच घोटाळा कळला. दीड डझन खुरपी घडवली, एक खपलं नाही. एक शेतकरी तर खुरपं हातात घेऊन म्हणाला, "पावणं, रानात तण बी उगवंना झालंय. ह्येनं काय मी ढेकळं खुरपू?"

कोळसा तर रोज लागतो. पगाराला हात लावायचा नाही असं बोलून बसलेले. आणि उघड विकावं तर सरकारी नोकराला धंदा करायची बंदी! हे परिपत्रक त्यांनी स्वतः सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं होतं, तेही खड्या आवाजात. म्हणून बाजारात बसायचं नाही, नाव सांगायचं नाही, जो कोणी भट्टीच्या दारात येईल त्यालाच माल द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

तोवर हौस कशी भागवायची? त्यांनी कागदांना भोक पाडायचे सात टोचे घडवले आणि ऑफिसात फुकट वाटून टाकले. सहा कारकुनांना आणि एक खुद्द डेप्युटी साहेबांना! प्रत्येकावर निशाणी, अगदी ठसठशीत.

"वा! कुठून आणलात?" साहेबांनी विचारलं. साहेब पुण्याकडचे.

"हाय एक वळखीचा कारागीर, साहेब. लई गुणी माणूस."

स्वतःचं कौतुक असं दुसऱ्याच्या नावावर करायला काय मजा येते, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक!

अशात एका संध्याकाळी सटवाजी आला. हा ठेकेदाराच्या टँकरवरचा ड्रायव्हर. हात जोडून उभा राहिला.

"साहेब, चावी हिरीत पडली. टँकरच्या मागचा वॉल उघडायची. मालकाला कळलं तर उद्या गाडीवरनं उतरवून देतो मला!"

टँकरची ती चावी म्हणजे हातभर लोखंडी सळई, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. ते वॉलच्या चौकोनी बोंडीवर बसवायचं आणि फिरवायचं. साहेबरावांनी माप घेतलं, दोन तासांत चावी घडवली, निशाणी मारली. सटवाजीनं ती लावून बघितली. अशी बसली की पाणी खळ्ळकन बाहेर! सटवाजीनं चार पैसे जास्तच दिले. साहेबरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

चार दिवसांनी भट्टीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. केवळाबाई, चाकूरकडच्या सावरवाडीची. सटवाजीच्या बोलण्यातून तिनं भट्टीचा पत्ता काढलेला.

"चावीवाला लोहार तूच का रं?"

इकडं साहेबराव नखशिखांत काळे. ऑफिसात 'भाऊसाहेब', इथं 'रं'! पण लोहार म्हणाली ना! त्यातच ते विरघळले.

"हाव मावशी, मीच."

केवळाबाईनं पदराची गाठ सोडली. आत ज्वारीच्या पिठाचा वाळलेला गोळा. गोळ्यावर चौकोनी खड्डा उठलेला.

"माप आणलंय. टँकरवाल्यानं पाठ फिरवली तव्हा बोंडीवर दाबून घेतलं. मला बी करून दी एक."

"आवो, पर चावी तर डायवरकडं असती की!"

"डायवर हाटेलात बसतो! आमी दोन-दोन तास घागरी घिऊन उनात. त्येचा चहा सरंस्तोवर लेकरं तापून राहिलेत. आमचं आमी उघडून घेतो की, त्येला कशाला तरास!"

आता खरं म्हणजे इथंच साहेबरावांनी हात जोडायला पाहिजे होते. खेपांचं रजिस्टर ह्यांच्या हातात! कोणत्या गावाला किती पिंपं आणि त्यापुढं कोणतं गाव, हे ह्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण एक तर भात्याचं कातडं फाटायला आलेलं. दुसरं, त्या पिठाच्या गोळ्यावरचं माप इतकं नेटकं होतं, की ते बघून ह्यांच्या हाताला खाज सुटली! आणि बाईचं म्हणणं तरी काय खोटं होतं का?

"उद्या सांच्याला या," साहेबराव म्हणाले.

मग काय! सावरवाडीची चावी बघून शेजारचं गाव आलं. ते बघून तिसरं आलं. कुणी पिठाचा गोळा आणला, कुणी मेणाचा, एका म्हाताऱ्यानं तर गुळाच्या ढेपेवर माप आणलं, आणि मोजून होईस्तोवर अर्धं माप मुंगळ्यांनी खाल्लं! महिन्याभरात चौदा चाव्या गेल्या. भात्याला नवं कातडं आलं, कोळशाचं पोतं आलं. साहेबराव बायकोपुढं मिशीवर हात फिरवत हिंडायला लागले.

आणि एका सोमवारी आतून हाक आली.

"साहेबराव, जरा आत या."

ते आत गेले. साहेबांच्या टेबलावर एक चावी पडलेली. साहेबरावांची! आपलं पोर गर्दीत ओळखावं तशी त्यांनी ती दारातूनच ओळखली.

"हा काय प्रकार आहे बघा," साहेब म्हणाले. "टँकर पहिल्याच गावात रिकामा होतोय. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला, की गावकरी स्वतःच्या चावीनं उघडतात आणि शेवटच्या थेंबापर्यंत काढून घेतात. पुढची गावं कोरडी! ही एक चावी ठेकेदाराच्या माणसानं हिसकावून आणली. यावर कारागिराची खूणसुद्धा आहे! काय हिंमत बघा!"

"हं... हिंमत हाय खरी," साहेबराव कसेबसे बोलले.

"हा माणूस मला पाहिजे. पोलिसात देणार मी त्याला. आणि हे प्रकरण तुम्हीच हाताळायचं, रजिस्टर तुमच्याकडेच आहे."

हे बोलता बोलता साहेब फायलीला भोकं पाडत होते. कशानं? साहेबरावांच्या टोच्यानं! चावीवरचं पान आणि टोच्यावरचं पान यांच्यात एक वीत अंतर! साहेबांनी नजर जरा जरी इकडची तिकडं केली असती, तरी खेळ खलास होता. साहेबरावांच्या डोळ्यांपुढं खुर्ची आली, आई आली, खडीचा ढीग आला, आणि हातात बेड्या घालून गोलाईच्या भर बाजारातून निघालेली स्वतःची वरात आली.

जागेवर येऊन त्यांनी टिपण लिहायला घेतलं. 'सदर अज्ञात इसमाचा शोध घेऊन त्याजवर कडक कारवाई करणे उचित होईल.' स्वतःवर कारवाई करा असं स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहायचं! 'कडक' हा शब्द तर दोन ओळी खाली उतरला.

मग एकच विचार डोक्यात बसला. टोचे! ऑफिसभर सात टोचे, सातांवर पान! आधी ते गोळा केले पाहिजेत.

"शेषेराव, तुमचा टोच्या द्या जरा. धार लावून आणतो."

शेषेराव हे हेडक्लार्क. चष्म्यावरून बघायची सवय. "धार? आवो, तो तर असा शिरतो कागदात की सुईला लाज वाटंल!"

"तरी बी. कारागीर म्हनला, महिन्याला धार लावून घ्या म्हनून."

असं करून सहा टोचे जमले आणि पँटच्या मागच्या खिशात गेले. तोवर ऑफिसात हाहाकार! एकाही फायलीला दोरा लागेना. कागद वाऱ्यानं उडून राहिले, कारकून त्यांच्यामागं पळून राहिले. तेवढ्यात पुन्हा आतून हाक.

"बसा साहेबराव," साहेब म्हणाले.

साहेबराव बसले. आणि एकदम उठले! सहाच्या सहा टोचे!

"काय झालं हो?"

"मू... मूळव्याध, साहेब!"

"अरेरे! मग उभेच राहा," साहेब कळवळून म्हणाले. "रात्री त्रिफळा घेत जा. मला फार गुण आला." आणि तो सातवा टोच्या त्यांनी शर्टाच्या खिशाला लावून टाकला. आता तो मिळायची आशाच संपली.

घरी येऊन साहेबरावांनी सरजाबाईला सगळं सांगितलं. जेवण नाही, झोप नाही. सायकलची घंटी वाजली तरी हे दारामागं! त्यात सटवाजी येऊन कानात सांगून गेला, "साहेब, माझं नाव निघालं तर तुमचं बी निघंल, समजून घ्या." एवढं बोलून तो उदगीरकडच्या गाडीवर पसार झाला.

"सायबाला सांगून टाका," सरजाबाई म्हणाली.

"सांगून टाका म्हनं! नोकरी गेली म्हंजी?"

"आन न सांगता गेली म्हंजी?"

साहेबरावांनी डोक्यावरून चादर ओढून घेतली.

रविवारी आईचा निरोप आला, म्हणून ते गावाकडं गेले. त्यांचं गाव म्हणजे बोरवस्ती. सावरवाडीच्याच रस्त्याला, पार शेवटी. एसटीतून उतरले आणि गाव बघताक्षणी रजिस्टरचं ते पान त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. खेप क्रमांक चार. सावरवाडी, मग मधली दोन गावं, मग बोरवस्ती. शेवटचं नाव बोरवस्ती! महिनाभर रोज लिहीत होते, आणि आपली आई तिथं राहते हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं!

धुरपताबाई ओट्यावर बसलेली. शेजारी रिकाम्या घागरी आडव्या पडलेल्या.

"आये, पाणी येतंय न्हवं?"

"कुठलं पाणी बाबा! टँकर येतो, खडखड वाजतो आन रिकामा जातो. आधी निदान दोन घागरी तरी मिळत हुत्या. आता कुण्या मुडद्यानं चाव्या करून इकल्यात म्हनं. ज्येनं केल्या त्येचे हात झडू दे! त्येच्या भट्टीत कुत्री मुतू दे!"

साहेबरावांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

धुरपताबाई उठली, आत गेली, आणि तांब्यात तळाशी राहिलेलं पाणी घेऊन आली. "पी. लांबनं आलायस."

"न्हाई आये, मला तहान न्हाई."

"पी म्हनते न्हवं! मी पिले सकाळी." ती साफ खोटं बोलत होती. तिचे ओठ फुटलेले दिसत होते. "तू तर टँकरच्याच हापिसात हाईस की रं. पकड की त्या चावीवाल्याला!"

"पकडतो, आये," साहेबराव म्हणाले. तांब्या ओठाला लावून त्यांनी तसाच खाली ठेवला. एवढी भीती त्यांना साहेबांचीही वाटली नव्हती, जेवढी त्या घोटभर पाण्याची वाटली. येताना एसटीत खिडकीशी बसून गडी डोळे पुसत आला. उद्या सगळं कबूल करायचं! नोकरी जावो नाहीतर राहो, बस्स!

सोमवारी सकाळी साहेबराव सहा टोचे खिशात घालून, छाती काढून साहेबांच्या खोलीत शिरले. या खेपेला पुढच्या खिशात. अनुभव आला होता ना!

"साहेब, मला एक सांगायचं होतं..."

"थांबा, साहेबराव! अगदी वेळेवर आलात. साक्षीदार सापडलाय!"

कोपऱ्यात केवळाबाई उभी! शेजारी शेषेराव, हातात कागद. झालं! साहेबरावांचं सगळं कबूल करणं घशातच विरलं. धाडसाला बाहेरच्या बाहेर पळ काढायला काय वेळ लागतो!

"बाई, घाबरू नका," साहेब म्हणाले. "चावी कुणाकडून घेतली? बघितलं तर ओळखाल?"

"न वळखायला काय झालं!" केवळाबाईनं खोलीभर नजर फिरवली. शेषेरावांवर थांबली, पुढं सरकली. मग साहेबरावांवर आली. पांढरा बुशकोट, तेल लावून बसवलेला भांग. बाई डोळे बारीक करून बघतच राहिली. साहेबरावांच्या कानात भाता चालू झाला.

"हितं न्हाई तो," बाई म्हणाली. "तो काळा हुता. लईच काळा! दिसायला बी घाण. ह्या भाऊसायबासारखा देखणा गडी न्हाई."

वाचलो! साहेबरावांना बाईचे पाय धरावेसे वाटले. केलेला अपमानसुद्धा गोड लागला.

"काम कसं होतं त्याचं?" साहेबांनी सहज विचारलं.

"काम मातर झकास! पर सायब, आमी काय चोर न्हाई. डायवरनं येळेवर पाणी दिलं असतं तर आमी कशाला चाव्या केल्या असत्या? फुडच्या वस्तीला मिळंना, हे आमाला तरी कुठं ठाव हुतं! घ्या ही तुमची चावी." बाईनं कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली आणि पदर सावरून निघून गेली.

साहेबांनी चावी उचलली. खिडकीच्या उजेडात धरली.

"आता राहिली ही निशाणी. शेषेराव, यावरून काही कळतं का बघा. वांगं आहे, एवढं स्पष्ट दिसतंय."

साहेबराव ताठ झाले.

"हाव सायब, वांगंच हाय," शेषेराव म्हणाले. "हे देठ, हे खाली फुगलेलं. कुणी माळवं लावणारा असंल. वांग्याचा मळा असणारा लोहार, असं शोधू."

"वांगं हे नक्की?"

"नक्की! भरताचं."

आता बघा, इथं गप्प राहायचं होतं! एवढंच करायचं होतं! बाईनं ओळखलं नव्हतं, सटवाजी पसार झाला होता, आणि सगळं सरकार वांग्याच्या मळ्यातला लोहार शोधायला निघालं होतं. असा लोहार साऱ्या मराठवाड्यात सापडला नसता! साहेबरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मुठी आवळल्या. दोन रविवार खपून कोरलेली ती बारीक शीर त्यांच्या डोळ्यांपुढं आली, तरी ते गप्प राहिले.

"पण वांगं तरी नीट काढायचं," साहेब म्हणाले. "मधोमध ही रेघ कसली?"

"कीड असंल, सायब. किडकं वांगं हाय ते."

"किडकं न्हाई!"

दोघांनी वळून बघितलं. ओरडले होते साहेबराव!

"किडकं न्हाई आन वांगं बी न्हाई! पिंपळाचं पान हाय ते! ती शीर हाय! तुमी उलटं धरलंय साहेब, देठ वर पायजे! चावीवर नीट उठलं न्हाई, लोखंड जरा गार झालं हुतं. हे बघा, ह्येच्यावर बघा!" आणि पुढच्या खिशातून त्यांनी टोचे काढले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सगळे ओळीनं साहेबांच्या टेबलावर मांडले. "आन तुमच्या खिशाला हाय, त्येच्यावर तर सगळ्यात झ्याक उठलंय! बघा की!"

साहेबांनी खिशाचा टोच्या काढला. टोच्याकडं बघितलं, चावीकडं बघितलं, मग साहेबरावांकडं बघितलं. शेषेरावांचा चष्मा नाकावरून घसरून कागदावर पडला.

तेव्हा कुठं साहेबरावांना कळलं, आपण काय केलं ते.

मग मात्र त्यांनी काही राखून ठेवलं नाही. भट्टी, सटवाजी, पिठाचे गोळे, चौदा चाव्या, आईचा तो तांब्या, सगळं घडाघडा सांगून टाकलं. सांगता सांगता रडले. "माझी आई तहानलेली हाय साहेब, माझ्याच हातानं," एवढंच शेवटी म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले.

साहेबांनी टोच्या पुन्हा खिशाला लावला.

"टँकर बावीस आहेत," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या वॉलवर लोखंडी टोपण बसेल आणि त्याला कुलूप लागेल, असं काही जमेल?"

"जमंल की साहेब! बिजागरी टाकतो, कडी टाकतो..."

"रविवारी करायचं. कोळसा तुमचा, लोखंड तुमचं. चौदाही चाव्या आणून माझ्या टेबलावर. आणि त्या ड्रायव्हरांचा चहा मी बघतो. नोकरीचं काय ते कागदावर कळवीन."

दोन रविवार आणि अकरा संध्याकाळी साहेबरावांची भट्टी विझली नाही. चाव्या गोळा करायला ते गावोगाव गेले, शिव्या खाल्ल्या, बुशकोट फाडून घेतला. आता निशाणी होती, त्यामुळं शिव्या कुणाच्या दारात द्यायच्या हे सगळ्यांना बरोबर ठाऊक होतं! पण टोपणं बसली, कुलपं लागली, आणि बोरवस्तीला पाणी पोचलं.

"सापडला का रं तो चावीवाला?" पुढच्या खेपेला धुरपताबाईनं विचारलं. घागरी भरलेल्या होत्या.

"सापडला, आये."

"हानला का त्येला?"

"लई हानला."

"बरं केलंस. पी पाणी," आई म्हणाली. ह्या वेळी साहेबराव तांब्याभर प्याले.

नोकरीचा कागद मात्र यायचाच होता. तो येईस्तोवर गड्याचं वजन उतरलं. शेवटी आली कारणे दाखवा नोटीस. 'आपण शासकीय सेवेत असताना वांग्याची निशाणी असलेल्या चौदा बनावट चाव्या तयार करून विकल्या, याबाबत आपणास सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

सरजाबाई म्हणाली, "हात जोडून माफी लिवा आन गप बसा."

साहेबरावांनी हात जोडून माफी लिहिली. 'वरील सर्व आरोप मला मान्य आहेत. पदरात लेकरंबाळं आहेत. साहेबांनी दया करावी.' सही केली. मग सहीच्या खाली, राहवेना म्हणून, आणखी एक ओळ लिहिली. 'फक्त वांग्याऐवजी पिंपळपान असे वाचावे.'

आठ दिवस जीव मुठीत धरून काढले. नवव्या दिवशी उत्तर आलं. साहेबरावांनी ते आधी डोळे मिटून उघडलं, मग एक डोळा उघडून वाचलं. 'आपला खुलासा पाहता एक वेळ सक्त ताकीद देऊन हे प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे.' नोकरी वाचली! साहेबरावांनी कागद कपाळाला लावला. खाली आणखी दोन ओळी होत्या. 'तथापि, निशाणीबाबत कार्यालयातील सर्वांचे मत घेतले असता, वांगे हेच ग्राह्य धरण्यात आले आहे.'

"अडाणी माणसं!" साहेबराव पुटपुटले. "कारागिरीतलं ह्येंना काय कळतंय? श्रीमंतमामा येऊ दे. तो खरा जाणकार!"

जूनमध्ये श्रीमंत लोहार निजामाबादेहून परत आला. साहेबरावांनी चहा व्हायच्या आधी तेविसावं टोपण त्याच्या हातात ठेवलं. हे मुद्दाम घरी ठेवायला केलेलं होतं, त्यावर ठसा एकदम ठळक उठवलेला. श्रीमंतानं ते उलटंपालटं करून बघितलं, बिजागरीवर बोट फिरवलं, ऐरणीवर आपटून कानाशी धरलं.

"वा!" तो म्हणाला. "हात बसला तुमचा. असं काम माझ्या बापानं केलं असतं."

साहेबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दाराआडच्या सरजाबाईकडं एकदा बघून घेतलं आणि घसा साफ केला.

"आन मामा... निशाणी?"

श्रीमंतानं टोपण उजेडाकडं धरलं. बराच वेळ बघितलं.

"ती तर लईच झकास! देठासकट वांगं काढायचं म्हंजी सोपं काम न्हाई, बाबा."

दाराआडून पदरात दाबलेलं हसू शेवटी फुटलंच. साहेबराव गुपचूप उठले आणि भाता ओढायला बसले.